आधीं लेखन, मग लेपन

शाळेंत षड्रस शिकवितांना पहिले पांच रस मुलांस चटकन् कळत. गूळ गोड, चिंच आंबट, मीठ खारट, मिरची तिखट, कारलें कडू. एवढें सांगितलें कीं काम भागे. सहावा कषाय रस मात्र नुसत्या शब्दांनीं कळत नसे. 'कषाय म्हणजे तुरट' असें सांगावें, तर 'तुरट म्हणजे काय?' हा प्रश्न तयार. मग आम्ही हिरड्याचे चार तुकडे बरोबर घेऊन वर्गांत जात असूं व पहिल्या बांकावरील मुलांच्या जिभेवर एकेक ठेवीत असूं. क्षणांत जीभ खरखरीत होई, गाल आंत ओढले जात, तोंडाचें पाणी जणूं आटून जाई. एका वर्षीं एक मुलगा ओरडला, "गुरुजी, तोंड बांधलें गेलें!" कषाय रसाचें इतकें नेमकें लक्षण आम्हांस पुढें कोणत्याही टीकाग्रंथांत आढळलें नाहीं.

ह्या महिन्यांत त्याच बांधणाऱ्या रसाविषयीं लिहावयाचें आहे. वास्तविक हा विषय ह्या सदरास नवा नाहीं. नित्याच्या वाचकांस स्मरत असेल कीं, २०१९ सालीं हिरड्यांतून येणारें रक्त व त्यावर बाभळीचा काढा हा विषय आम्हीं येथें घेतला होता आणि त्या काढ्याची मुक्तकंठानें स्तुति केली होती. त्या लेखांतील एकही विधान खोटें नव्हतें. परंतु तो लेख अपुरा होता. आणि औषधाच्या बाबतींत अपुरें सांगणें केव्हां केव्हां खोटें सांगण्याइतकेंच बाधतें. तें आमच्याच घराला कसें बाधलें, ही हकीकत सांगावयास आम्हांस संकोच वाटतो. पण ज्या पृष्ठावर स्तुति केली त्याच पृष्ठावर तिची पुरवणी न जोडणें हें शिक्षकाच्या पेशास शोभणारें नाहीं.

प्रथम परंपरा काय आहे तें पाहूं.

आमचें बालपण संगमेश्वर तालुक्यांतील एका खेड्यांत गेलें. घरांत लहानमोठीं वीस-बावीस माणसें. पहांटे आजोबा परसांत जाऊन झाडाची काडी तोडून आणीत आणि विहिरीच्या कट्ट्यावर बसून तिचें टोक चावून चावून त्याचा कुंचला करीत. काडी कधीं खैराची, कधीं करंजाची, कधीं निंबाची. प्रतिपदा, षष्ठी, नवमी, अमावास्या ह्या तिथींस आणि श्राद्धाच्या दिवशीं काडी वर्ज्य. त्या दिवशीं बारा चुळा भरून मुखशुद्धि करावयाची. काडी तोडण्यापूर्वीं ते वनस्पतीस उद्देशून मंत्र म्हणत. आयुष्य, बल, यश, तेज हीं सर्व त्या मंत्रांत झाडापाशीं मागितलेलीं असतात. दांत घासण्यासारखें रोजचें काम. पण त्यालाही नियम होता, अपवाद होता आणि प्रार्थना होती. आम्हां मुलांना मात्र त्यांतील एकच गोष्ट कळे: काडी चावली कीं तोंड तुरट होतें आणि मग न्याहरीच्या भाकरीस गोडी येते.

हे नियम फार जुने आहेत. दंतकाष्ठ बारा बोटें लांब, करंगळीएवढें जाड, सरळ, बिनगांठीचें व ताजें असावें, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. आणि रसांनुसार झाडांची निवडही तेथेंच केलेली आहे. कडू रसांत निंब, तिखट रसांत करंज, गोड रसांत मोह आणि तुरट रसांत खैर श्रेष्ठ. चरकानें तुरट, तिखट व कडू अशा तीन रसांचीं काष्ठें सांगितलीं असून तीं दिवसांतून दोन वेळां वापरावीं, आणि हिरड्यांस इजा न होईल अशा रीतीनें वापरावीं, असें म्हटलें आहे. ह्या शेवटच्या सूचनेकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. तिचा संबंध पुढें येणार आहे.

देशावर बाभूळ, कोंकणांत खैर, सह्याद्रीच्या माथ्यावर हिरडा आणि देवळाच्या आवारांत बकुळ. महाराष्ट्रांत तुरट झाडांची वाण कोठेंच नाहीं. बाभळीची अंतरसाल हें खेड्यापाड्यांतील दांतांचें पहिलें औषध. खैराच्या लांकडाचा गाभा उकळून कात काढतात. कातकरी ह्या जमातीचें नांवच त्या धंद्यावरून पडलें आहे. भीमाशंकर-जुन्नरकडील डोंगरांतले आदिवासी बंधु हिरड्याचीं कोंवळीं फळें गोळा करून वाळवितात, तोच बाळहिरडा. हिरडा हें नांव संस्कृत हरीतकीपासून आलें, हिरडीपासून नव्हे. नामसादृश्य पाहून मुलें नेहमीं फसत. बकुळीच्या सालीचा काढा हालते दांत दृढ करतो अशी तिची ख्याति आहे, आणि पिवळ्या कोरांटीस तर लोक वज्रदंतीच म्हणतात. मायफळ मात्र मुळीं फळच नव्हे. पश्चिम आशियांतील एका जातीच्या ओक वृक्षाच्या डहाळीवर गांधीलमाशीच्या कुळांतला एक लहानसा कीटक अंडें घालतो, आणि त्या जागीं झाड जी गांठ धरतें ती मायफळ. बाळगुटींत आपण तेंच उगाळतों. त्या गांठींत तुरट द्रव्याचें प्रमाण निम्म्याहूनही अधिक असूं शकतें.

ह्या सर्वांत समान असलेलें तें तुरट द्रव्य म्हणजे टॅनिन. कातडीं कमावणारे लोक बाभळीच्या सालीच्या पाण्यांत कातडीं भिजत घालतात, तें ह्याच द्रव्यासाठीं. कातड्यांतील प्रथिनांस टॅनिन घट्ट धरतें, तीं आवळलीं जातात, आणि जें कुजावयाचें तें टिकाऊ होतें. आमच्या विद्यार्थ्याच्या जिभेवर हिरड्यानें केलें तेंही हेंच. लाळेंतील बुळबुळीत प्रथिनें साकळलीं, म्हणून जीभ खरखरीत लागली. सुजलेल्या हिरडीस काढा लागला कीं तिच्या वरच्या थरांतील प्रथिनें साकळतात, तेथें पातळसा पापुद्रा धरतो, बारीक रक्तवाहिन्या आकसतात, आणि झिरपणारें रक्त थांबतें. हा गुण थोड्या दिवसांत डोळ्यांस दिसतो. तेव्हां आजीबाईंचा बटवा खोटा नव्हता, हें आधीं मान्य केलें पाहिजे.

पण ही सारी क्रिया वरवरची आहे, आंत खोल जाणारी नव्हे. आमची चूक झाली ती येथेंच.

२०१८ सालच्या दिवाळीच्या सुमारास आमच्या सौभाग्यवतींच्या हिरड्यांतून सकाळीं दांत घासतांना रक्त येऊं लागलें. खालच्या पुढच्या दांतांपाशीं हिरडी लाल व फुगीर दिसे. पेरूची फोड चावली तर फोडीवर रक्ताचा डाग उमटे. आम्ही नुकतेच निवृत्त झालेलों, हाताशीं वेळ भरपूर आणि कपाटांत ग्रंथ भरपूर. मोठ्या उत्साहानें बाभळीची साल आणविली, स्वतः कुटली, काढा केला आणि सकाळसंध्याकाळ गुळण्या करविल्या. पांचव्या दिवशीं रक्त बंद. हिरडी आवळून आली, तिचा लाल रंग निवळला. आमच्या आनंदास पारावार उरला नाहीं. जन्मभर घोकलेली विद्या घरांत उपयोगी पडली, ह्याचा अभिमानही कमी नव्हता. २०१९ चा तो लेख त्याच अभिमानाच्या भरांत लिहिलेला.

आमची धाकटी सून त्या वेळीं भीत भीत म्हणाली होती, "मामंजी, सासूबाईंना एकदां दांतांच्या डॉक्टरांनाही दाखवून आणूं या का?"

"सूनबाई, रक्त थांबलें," आम्हीं उत्तर दिलें, "आतां दाखवावयाचें तें काय?"

पुढें मधून मधून रक्त येई. काढा केला कीं थांबे. असें तीन वर्षें चाललें. २०२२ च्या श्रावणांत एका शुक्रवारीं पुरणपोळीचा घांस घेतांना सौभाग्यवती एकदम थबकल्या. खालचा पुढचा एक दांत जिभेनें लोटला तर हालत होता. ठणका नाहीं, सूज नाहीं, रक्त तर नाहींच. शेजारच्या दोन दांतांमध्यें पूर्वीं कधीं नसलेली फट पडली होती. आम्हीं पुन्हां काढ्याचें नांव काढलें. पण ह्या खेपेस सूनबाईनें विचारलें नाहीं, परस्पर दंतवैद्यांची वेळ ठरविली आणि रिक्षा दारांत आणून उभी केली. त्याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहों.

दंतवैद्यांनीं तोंड पाहिलें, क्ष-किरणांनीं छायाचित्र घेतलें. मग मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळई दांत व हिरडी ह्यांच्या मधल्या फटींतून हलकेच खालीं सरकवीत ते आंकडे सांगूं लागले. निरोगी हिरडींत ती सळई एक ते तीन मिलिमीटर जाते. येथें ती सात-आठ मिलिमीटर जात होती. दांतांच्या आंतल्या अंगास, हिरडीखालीं, दगडासारखा कठीण थर बसला होता. आणि दांतांस धरून ठेवणारें हाड मुळांच्या टोंकांपर्यंत झिजून गेलें होतें. ते सौम्यपणें म्हणाले, "रक्त येत होतें तेव्हांच आपण आलां असतां, तर हे दांत वांचण्याचा पुष्कळ संभव होता."

आम्हीं खालमानेनें विचारलें, "पण रक्त तर थांबलें होतें ना?"

"तेंच तर झालें, गुरुजी," ते म्हणाले. "घंटा वाजत होती, आपण घंटेलाच कापड गुंडाळलें."

खालचे पुढचे चार दांत काढावे लागले.

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. उठून दिवा लावला, सुश्रुतसंहिता काढली आणि मुखरोगांचें निदान व त्यांची चिकित्सा हे दोन्ही अध्याय प्रथमपासून वाचले. मुखाचे एकंदर पासष्ट रोग. त्यांपैकीं पंधरा दंतमूलांचे, म्हणजे हिरड्यांचे. शीताद म्हणजे कारणावांचून रक्त येणें आणि हिरड्या मऊ, ओलसर, काळपट व दुर्गंधियुक्त होऊन झडूं लागणें. उपकुश म्हणजे हिरड्यांत दाह व पाक होऊन दांत हालूं लागणें. हीं लक्षणें आम्हांस तोंडपाठ होतीं. चिकित्साही पाठ होती, असें आम्ही समजत होतों. पण पाठ असणें निराळें आणि वाचणें निराळें. शीतादावर सुंठ, मोहरी, त्रिफळा व नागरमोथा ह्यांच्या काढ्याच्या गुळण्या सांगितल्या आहेत खऱ्या; परंतु त्या केव्हां? दूषित रक्त काढून टाकल्यावर. दांतांवरचा मळ सुकून खड्यासारखा कठीण होतो, त्यास तेथें दंतशर्करा असें नांव आहे. तिची चिकित्सा अशी कीं, दंतमूलांस इजा न करितां वैद्यानें ती शर्करा काढून टाकावी, आणि मग त्या जागीं लाखेचें चूर्ण मधांत मिसळून चोळावें. लाखही तुरटच. म्हणजे तुरट औषध आहेच. पण तें दुसऱ्या क्रमांकावर आहे. शस्त्रांच्या यादींत दंतशंकु नांवाचें शस्त्र स्वतंत्र सांगितलेलें आहे, तें उगीच नव्हे.

शस्त्रकर्मांत खरवडण्याच्या क्रियेस 'लेखन' अशी संज्ञा आहे. पस्तीस वर्षें मुलांस लेखनाचे धडे देणाऱ्या माणसानें नेमकें हें लेखन वगळावें आणि तेवढें लेपन उचलावें, ह्यास काय म्हणावें?

दुसऱ्या दिवशीं तो भाग सौभाग्यवतींस वाचून दाखविला. त्या दूधभात कालवीत होत्या. सर्व ऐकून घेऊन त्या म्हणाल्या, "अहो, श्लोक खरेच होते तुमचे. तुम्हीं अर्धेच म्हटलेत."

आधुनिक दंतशास्त्राचा निर्णयही हाच आहे. १९६५ सालीं डेन्मार्कमधील आर्हूस येथें हाराल्ड लो व त्यांचे सहकारी ह्यांनीं एक साधा पण निर्णायक प्रयोग प्रसिद्ध केला. निरोगी हिरड्यांच्या बारा माणसांस दांत घासणें बंद करावयास सांगितलें. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्यांस दाह झाला. घासणें पुन्हां सुरू केल्यावर सुमारें आठवड्याभरांत हिरड्या पूर्ववत् झाल्या. 'अंगांत उष्णता वाढली म्हणून रक्त येतें', 'वय झालें म्हणून येतें' असें आपण घरोघरीं ऐकतों. परंतु बहुतेकांच्या बाबतींत रक्ताचें मूळ एकच: दांत आणि हिरडी ह्यांच्या सांध्यावर रोज बसणारा, जंतूंनीं भरलेला मऊ चिकट थर. तो रोज काढला नाहीं तर लाळेंतील चुन्याचे क्षार त्यांत बसून थोड्याच दिवसांत त्याचा खडा होऊं लागतो. लाळेच्या मोठ्या ग्रंथींचीं तोंडें जिभेखालीं उघडतात, म्हणून खालच्या पुढच्या दांतांच्या आंतल्या अंगास हा खडा विशेष सांचतो. आमच्या घरीं घाव बसला तो ह्याच जागीं. खडा एकदां धरला कीं काडीनें निघत नाहीं, कुंचल्यानें निघत नाहीं, काढ्यानें विरघळत नाहीं. तो हत्यारानेंच काढावा लागतो. केवळ हिरडी सुजली आहे तोंवर हें दुखणें पूर्ण बरें होतें. हाड झिजूं लागल्यावर झीज थांबवितां येते. पण गेलेलें हाड बहुधा परत येत नाहीं.

आणि तोंडांत फिरविलेली गुळणी त्या खोल फटीच्या तळाशीं पोंचत नाहीं. वर हिरडी घट्ट व गुलाबी, खालीं झीज चालूच. बाहेरून भिंत सारवून घ्यावी आणि आंत वाळवीनें वासे पोखरावे, तसा हा प्रकार.

ह्यावरून काढा टाकाऊ आहे, असा अर्थ कोणीं काढूं नये. त्रिफळ्याच्या गुळण्यांनीं दांतांवरील थर व हिरड्यांचा दाह कमी होतो, असें आपल्या देशांतील दंतमहाविद्यालयांत झालेल्या प्रयोगांत दिसून आलें आहे. मात्र ते प्रयोग थोड्या दिवसांचे, आणि गुळण्या साफसफाईच्या जोडीला म्हणून दिलेल्या. काढा हा चांगला सेवक आहे. त्याच्या हातीं घराचा कारभार देऊं नये.

ह्याच प्रसंगीं आणखी एका वस्तूविषयीं स्पष्ट लिहिणें अवश्य आहे. जुन्या घरांत राखुंडी असे, दांतवणही असे. दांतवणांत मायफळासारख्या तुरट द्रव्यांबरोबर हिराकस घालीत. टॅनिन व लोह एकत्र आलीं कीं काळा रंग धरतो, आणि जुनी काळी शाईही अशीच करीत. ह्या काळ्या पुडीच्या आडून एक तिसरी काळी पूड घरांत शिरली, ती मिशेरी. मिशेरी म्हणजे तव्यावर भाजून चुरलेली तंबाखू. तिच्यांत औषध कांहीं नाहीं. ती लावल्यानें ठणका बधिर झाल्यासारखा वाटतो, एवढ्यावरून कित्येक भगिनी तिला दांतांचें औषध समजतात, आणि मग ती सुटत नाहीं. ती हिरडी मागें हटविते आणि मुखाच्या कर्करोगास वाट करून देते. दंतमंजनांत तंबाखू घालण्यास भारत सरकारनें १९९२ सालीं बंदी केली. पण घरच्या तव्यावर बंदी घालणें घरच्यांच्याच हातीं आहे. सुपारीचेंही तसेंच. सुपारी तुरट आहे म्हणून ती हिरड्यांस बळकटी देते, असें जेवणानंतर अडकित्ता हातीं घेतांना आम्हीही म्हणत असूं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेनें २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, तंबाखू नसलेली सुपारीही मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करते, असा निर्णय दिला आहे. आमचा अडकित्ता आतां देवघराच्या फडताळांत आहे. तुरट तितकें सर्व हितकर, असें समीकरण नाहीं. कषाय रसाच्या अतिसेवनानें तोंड कोरडें पडतें, पोट फुगतें, असें चरकानेंही बजावून ठेवलें आहे.

आतां घरांत करावयाचें काय, तें क्रमानें सांगतों.

रोजची स्वच्छता हें पहिलें औषध. मऊ केंसांचा कुंचला हिरडीच्या कडेस तिरपा टेकवून हलक्या हातानें फिरवावा, दांतांची आंतली बाजू विसरूं नये, आणि रात्रीं निजण्यापूर्वींचें घासणें कधींही चुकवूं नये. दोन दांतांच्या मधली जागा कुंचल्यानें साफ होत नाहीं. तेथें त्या कामासाठीं मिळणारा दोरा किंवा बारीक कुंचला वापरावा. तरुणांनीं खैराची वा निंबाची काडी हौसेनें वापरण्यास हरकत नाहीं. पण टोक चांगलें मऊ चावून घ्यावें. वडीलधाऱ्यांच्या हिरड्या मागें सरकलेल्या असतात, त्यांनीं कठीण काडीचा हट्ट धरूं नये. इजा न करितां घासावें, ही चरकाची सूचना त्यांच्यासाठींच आहे असें समजावें.

दुसरें, महिन्यांतून एक दिवस घरांतील प्रत्येकानें दांत घासल्यावर पहिली चूळ पांढऱ्या वाटींत टाकून पाहावी. पाण्यास गुलाबी झांक दिसली, तर तेथें हिरडीनें निरोप पाठविला आहे असें समजावें. पुष्कळ माणसें रक्त येतें म्हणून ती जागा घासावयाचें टाळतात. तें अगदीं उलट आहे. ती जागा अधिक काळजीनें स्वच्छ करावी. दोन आठवड्यांत रक्त थांबलें नाहीं, किंवा दांतांवर खडा दिसत असला, तर दंतवैद्यांकडे जाऊन तो काढून घ्यावा. 'खडा काढला कीं दांत ढिले होतात' ही समजूत आमच्या पिढींत फार आहे. खडा निघाल्यावर त्यानें व्यापलेली फट उघडी पडते आणि सूज उतरून हिरडी खालीं बसते, म्हणून तसें भासतें. दांत ढिला होतो तो खडा राहिल्यानें, निघाल्यानें नव्हे.

तिसरें, हिरड्या वारंवार सुजत असल्या तर रक्तांतील साखर तपासून घ्यावी. मधुमेह हिरड्यांचें दुखणें वाढवितो, आणि हिरड्यांचें दुखणें मधुमेहास आटोक्यांत येऊं देत नाहीं. गरोदरपणांत हिरड्या लवकर सुजतात. 'अशा दिवसांत असें होतेंच' म्हणून सुनालेकींच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करूं नये. रक्त पातळ होण्याचें औषध चालू असल्यास तें दंतवैद्यांस आधींच सांगावें.

हें सर्व झाल्यावर मग काढा. बाभळीची वाळलेली अंतरसाल एक तोळा, म्हणजे सुमारें बारा ग्रॅम, भरड कुटून पेलाभर पाण्यांत घालावी आणि पाणी निम्में आटेपर्यंत मंद आंचेवर उकळावी. शार्ङ्गधरानें काढ्यासाठीं सोळापट पाणी घेऊन तें अष्टमांश उरवावयास सांगितलें आहे. पण गुळणीसाठीं इतका दाट नको. भांडें मातीचें वा स्टीलचें घ्यावें; लोखंडी कढईंत काढा शाईसारखा काळा होतो, ह्याचें कारण वर आलेंच आहे. गाळून, कोमट असतां, तोंडांत सहज खेळवितां येईल इतका घोट घ्यावा. ह्यास कवल म्हणतात. तोंड गच्च भरून न हालवितां धरून ठेवणें तो गंडूष. हिरड्यांसाठीं कवल सोयीचा. मिनिटभर फिरवून थुंकावा, गिळूं नये. रोज ताजा करावा. आठ-दहा दिवसांहून अधिक दिवस चालवूं नये, नाहीं तर दांतांवर तपकिरी डाग धरतात. बाभूळ न मिळाल्यास त्रिफळ्याचा काढा ह्याच रीतीनें करावा.

आमच्या घरीं आतां हा क्रम बसला आहे. दर सहा महिन्यांनीं सर्व मंडळी दंतवैद्यांकडे जाऊन येतात. त्याची आठवण ठेवण्याचें काम सूनबाईकडे, आणि काढा करण्याचें काम अजून आमच्याकडे. सौभाग्यवतींस खालीं चार कृत्रिम दांत बसविले आहेत. पेरू त्या हल्लीं किसून खातात, आणि किसतांना आमच्याकडे एकवार पाहतात. बोलत कांहीं नाहींत.

एक गोष्ट राहिली. २०१९ च्या लेखानंतर बऱ्याच वाचक भगिनींचीं पत्रें आलीं होतीं. काढ्यानें रक्त थांबलें, म्हणून त्यांनीं आमचे आभार मानले होते. तीं पत्रें आम्हीं जपून ठेवलीं आहेत. पूर्वीं तीं काढून वाचावयास आम्हांस आवडे. आतां हातीं घेतलीं कीं छातींत धस्स होतें. त्यांतील कोणाच्या हिरडीखालीं काय चाललें असेल, हा विचार मनांतून जात नाहीं. त्या भगिनींस आमची हात जोडून विनंती आहे कीं, रक्त थांबलेलें असलें तरी एकदां दंतवैद्यांकडे जाऊन यावें. ज्यांनीं तो जुना अंक जपून ठेवला असेल, त्यांनीं त्या पानाच्या समासांत शाईनें एवढें लिहून ठेवावें: आधीं लेखन, मग लेपन. विद्यार्थ्यांच्या वह्यांतील चुका आम्हीं जन्मभर तांबड्या शाईनें दुरुस्त केल्या. ही एक आमची.